ठाणे-नवी मुंबईच्या उन्हाळ्यात रोझमेरी, लॅव्हेंडर आणि थाईम कसे जगवायचे

रोझमेरी, लॅव्हेंडर, थाईम, सेज, ओरेगॅनो, ऑलिव्ह ही सगळी भूमध्य सागराकाठची झाडं. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात जुलैचं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या घरात असतं. ठाण्यात मे महिन्यात पारा बहुतेक दिवस ३४ ते ३६ च्या आसपास राहतो. दुपारपुरतं बोलायचं तर या झाडांना इथलं ऊन नवं नाही. तरीही फेब्रुवारीत फुलांसकट आणलेलं लॅव्हेंडर जूनपर्यंत बुंध्यापासून काळं पडतं, आणि दोष उन्हाला दिला जातो.

खरा फरक रात्रीचा आहे. सेव्हिलमध्ये उन्हाळी रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरतो आणि हवा कोरडी असते. ठाणे, वाशी, खारघर इथे मे महिन्यात रात्रीसुद्धा २७ अंशांच्या आसपास तापमान राहतं आणि हवा दमट असते. रात्र गरम असली की झाडाचं श्वसन मंदावत नाही. दिवसभरात पानांनी तयार केलेली साखर रात्रीच खर्च होते आणि मुळांना नवी वाढ करायला काही उरत नाही. त्यात कुंडीतली माती ओली असेल तर तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मुळं गुदमरतात आणि मूळकुजीच्या बुरशीला हवं तसं वातावरण मिळतं. त्यामुळे आपल्याकडे ही झाडं तहानेनं जितकी मरतात त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतात. पुढची सगळी कामं या एका गोष्टीभोवती आहेत: मुळांपाशी हवा खेळती ठेवणं आणि मुळं थंड ठेवणं.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि कडक उन्हाळ्यात ही झाडं वाढ जवळपास थांबवून बसतात. तेव्हा मार्च ते मे या काळात नवे धुमारे, फुलं, दाट हिरवेपणा यांची अपेक्षा ठेवू नका. पानं थोडी राखाडी, आखूड आणि जाडसर दिसणं हे झाडाचं स्वतःला सांभाळणं आहे. ते पाहून खत घातलं की कोवळी, पाणीदार फूट येते आणि तीच सगळ्यात आधी करपते किंवा सडते. मार्चच्या मध्यापासून पाऊस संपेपर्यंत खत पूर्ण बंद.

कोणतं झाड घ्यावं

सुरुवात करणाऱ्यानं रोझमेरी आणि मरवा घ्यावा. गजऱ्यात वापरतात तो मरवा ओरेगॅनोच्याच कुळातला आहे आणि त्याची निगा तशीच. डाळिंब आणि अंजीर तर भूमध्य प्रदेशाच्या बागांचे जुने रहिवासी. १६ ते १८ इंची कुंडीत दोन्ही इथला उन्हाळा सहज काढतात. कण्हेरही त्याच भागातली. गच्चीवरच्या सर्वात भाजणाऱ्या कोपऱ्यात ती ठेवावी, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, त्यामुळे घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर नको.

थाईम मधल्या पायरीवर आहे. उन्हाळा निभावतो, पावसात आतून कुजतो. ऑलिव्हचं झाड जगतं, चांदीसारखी पानं छान दिसतात, पण फुलोऱ्यासाठी त्याला हिवाळ्यातली खरी थंडी लागते आणि ती ठाण्यात पडत नाही. फळांच्या आशेनं घेऊ नका.

लॅव्हेंडरमध्ये जात पाहून घ्या. बारीक, साध्या कडांच्या पानांचं इंग्लिश लॅव्हेंडर थंड प्रदेशाचं आहे, ते इथे एका हंगामापलीकडे टिकत नाही. पानांच्या कडेला दाते असलेली जात किंवा फर्नसारखी चिरलेली पानं असलेली जात उष्णता बरीच जास्त सोसते. सेज सगळ्यात अवघड. स्वयंपाकापुरता हवा असेल तर नोव्हेंबर ते मार्च एवढ्यापुरताच लावावा. आणि पिझ्झा-पास्त्यावर टाकायला फक्त ओरेगॅनोची चव हवी असेल, तर सरळ पानओवा लावा. त्याला ना उन्हाचं भय ना पावसाचं.

लागवड दिवाळीनंतर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेल्या रोपाला मुळं पसरायला चार महिने थंडी मिळते. मार्च-एप्रिलमध्ये आणलेलं रोप मुळांशिवायच उन्हाळ्याला सामोरं जातं. नर्सरीतली लॅव्हेंडर-रोझमेरीची रोपं बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात वाढलेली असतात. तो गोळा तसाच मातीत पुरला की आतला गाभा बाहेरच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ओला राहतो, आणि एकदा ठणठणीत वाळला की पुन्हा पाणी धरत नाही, पाणी त्याच्या बाजूनं वाहून जातं. म्हणून लावताना बाहेरचं निम्मं कोकोपीट बोटांनी अलगद सोडवून काढा. हे फक्त थंडीत करायचं. उन्हाळ्यात हाती आलेलं रोप गोळ्याला धक्का न लावता सावलीत सांभाळा आणि कुंडी बदलायला दिवाळीची वाट पाहा.

माती

ठाण्याच्या नर्सरीत गोणीतून मिळणारी लाल माती कोकणी जांभ्याची असते. दोन-तीन महिने पाणी घातलं की ती विटेसारखी घट्ट होते. एकट्या लाल मातीत यातलं कोणतंही झाड लावू नका. कोकोपीट मिसळून ती भुसभुशीत करायचा नेहमीचा उपायही इथे उलटतो, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं.

प्रमाण असं ठेवा: लाल माती ३ भाग, ५-६ मिलिमीटरची बारीक खडी ३ भाग, जाड क्रश सँड २ भाग, फोडलेल्या विटेचे किंवा कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग. क्रश सँड बादलीत तीन-चार वेळा, पाणी निवळेपर्यंत धुवा, कारण तिच्यातली भुकटी मातीतल्या सगळ्या पोकळ्या बुजवते. खाडीची रेती अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. लाल माती आम्लधर्मी असते आणि या झाडांना थोडी चुनखडीयुक्त जमीन मानवते, म्हणून शेतीच्या दुकानात मिळणारी चुनखडीची पावडर दर लिटर मिश्रणाला २ ग्रॅम घाला. १० इंची कुंडीत सुमारे ८ लिटर मिश्रण बसतं, तेव्हा १५-१६ ग्रॅम पुरे. खायचा चुना वापरू नका, तो फार तीव्र असतो आणि मुळं भाजतो.

मिश्रण तपासायची सोपी रीत: कुंडी भरा, एकदा पाणी घालून माती बसू द्या, मग एक लिटर पाणी एकदम ओता. अर्ध्या-एक मिनिटात पाणी वरून दिसेनासं होऊन खालच्या भोकातून धार लागायला हवी. पाणी वर तळं करून राहिलं तर आणखी खडी मिसळा.

तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण तिनं निचरा वाढत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत तेव्हाच उतरतं, जेव्हा वरची माती पूर्ण भिजून चिंब झालेली असते. थरामुळे हा चिंब पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. खडी मातीतच मिसळायची. भोकावर माती अडवायला जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

वरून मात्र एक इंचाचा खडीचा थर जरूर द्या. फिकट रंगाचे गोटे किंवा संगमरवराचे तुकडे ऊन परतवतात, मातीतला ओलावा सांभाळतात, आणि बुंध्यापाशी कोरडं ठेवतात. नारळाची शेंडी, पाचोळा, गवत हे आच्छादन डाळिंब-अंजिराला उत्तम, बुंध्यापासून चार इंच सोडून. रोझमेरी-लॅव्हेंडरच्या बुंध्याला ते टेकलं की दमट हवेत तिथेच सड सुरू होते.

कुंडी आणि जागा

मातीची, रंग न दिलेली कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि आतली माती थंड राहते. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या बाजूनं सहज ४५ अंशांच्या वर तापते, आणि बहुतेक झाडांची मुळं ४० अंशांच्या आसपासच काम थांबवतात. म्हणूनच प्लास्टिकच्या कुंडीतलं रोप वरून हिरवं असताना एका बाजूनं सुकू लागतं. कुंडी फिरवून पाहा, सुकलेली बाजू पश्चिमेची निघते. कुंडी बदलणं शक्य नसेल तर बाहेरून चुन्याची सफेदी द्या, किंवा ती दोन इंच मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली फट खडीनं भरा.

कुंड्या थेट गच्चीवर किंवा टाइल्सवर ठेवू नका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणजे नेमकं ज्या वेळी झाडाला गारवा हवा त्या वेळी. दोन विटांवर कुंडी ठेवली की खालून वारा खेळतो आणि निचऱ्याचं भोकही मोकळं राहतं.

बाल्कनीत सकाळचं ऊन चार ते सहा तास मिळेल अशी पूर्वेची जागा सर्वोत्तम. पश्चिमेची बाल्कनी असेल तर समोरच्या काचेच्या इमारतीवरून परतणारं ऊन आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम झळ या दोन्ही गोष्टी तपासा. एसीच्या झोतासमोर ठेवलेली कुंडी कितीही पाणी दिलं तरी वाचत नाही. वजनाचाही विचार करा. १२ इंची कुंडी ओली असताना २५ किलोच्या आसपास भरते. अशा कुंड्या बाल्कनीच्या कठड्याकडे नव्हे, घराच्या भिंतीकडे ठेवा. खिडकीच्या ग्रिलवर त्या ठेवूच नका.

शेडनेट घ्यायची तर ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारी. नर्सरीवाले सरसकट ७५ टक्क्यांची देतात, तिच्याखाली रोझमेरी लांबट, विरळ होते आणि दमट हवेत बुरशी धरते. नेट झाडांच्या शेंड्यापासून किमान दीड-दोन फूट वर बांधा, नाहीतर गरम हवा खालीच कोंडते. तिची गरज खरी दुपारी १२ ते ४ या वेळेत. मार्च-एप्रिलमध्ये ज्या दिवशी समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि ठाण्यात पारा ४० कडे जातो, त्या दिवसांसाठी ती आधीच बांधून गुंडाळून ठेवावी, दुपारी पसरावी आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळावी.

पाणी

पाणी सकाळी सहा ते साडेसात. या वेळी माती थंड असते, आणि दुसरं कारण अगदी साधं: गच्चीवरच्या टाकीतलं आणि उघड्या पाइपातलं पाणी दुपारनंतर कढत असतं. संध्याकाळीही पहिली बादली हात लावून पाहिल्याशिवाय झाडांना घालू नका.

ठरलेल्या वारी ठरलेलं पाणी ही सवय सोडा. उदबत्तीची जुनी काडी किंवा बांबूची सळई मातीत तीन इंच खुपसा, मिनिटभरानं काढा. ओली माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर पोटभर पाणी, खालून थोडं वाहून जाईपर्यंत. मातीच्या १० इंची कुंडीतल्या रोझमेरीला एप्रिल-मे महिन्यात साधारण दोन दिवसांआड पाऊण ते एक लिटर लागतं, लॅव्हेंडर आणि थाईमला तीन दिवसांआड. उंच मजल्यावर वारा जास्त असेल तर एक दिवस लवकर. रोज कपभर पाणी घालणं सगळ्यात घातक, त्यानं वरची माती सतत ओली आणि खालची मुळं कोरडी राहतात.

दुपारी मान टाकलेल्या मरव्याला पाहून लगेच पाणी घालू नका. मुळं शोषतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडत असतं, म्हणून तो झुकतो. रात्री आठला किंवा सकाळी पुन्हा पाहा. सावरला असेल तर काही करायचं नाही. सकाळीही झुकलेला असेल तर सळई खुपसून पाहा: माती कोरडी असेल तर तहान, माती ओली असेल तर मुळं कुजली आहेत. ओल्या मातीत झुकलेल्या झाडाला आणखी पाणी घातलं की ते हमखास जातं. रोझमेरीच्या बाबतीत जास्त सावध राहा, तिची पानं सुईसारखी ताठ असल्यानं ती लवकर झुकत नाही. पान फिकट, निस्तेज दिसू लागलं आणि हात लावताच गळू लागलं, म्हणजे आत बराच घात झालेला असतो.

मूळकूज झाल्याचं कळलं तर झाड कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं कापा, वरचा एक तृतीयांश भाग छाटा, नव्या खडीदार मिश्रणात लावून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात यातली थोडीच वाचतात. त्याच दिवशी हिरव्या शेंड्यांची कलमं घेणं जास्त भरवशाचं.

पानांवर पाण्याचा फवारा देऊन झाड थंड करायचा मोह टाळा. दमट हवेत ते पाणी लवकर उडत नाही, आणि संध्याकाळी भिजवलेलं लॅव्हेंडर रात्रभर ओलं राहतं.

घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. त्यात क्षार जास्त असतील तर कुंडीच्या बाहेर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. टीडीएस मीटरवर ५०० पर्यंतचं पाणी ठीक, १००० च्या पुढचं नको. असं पाणी वापरावंच लागलं तर महिन्यातून एकदा सकाळी नळाच्या गोड्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा: ८ लिटरच्या कुंडीत १६ लिटर पाणी, सावकाश, पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. पापडी धरलेला वरचा अर्धा इंच थर आधी खरवडून टाका.

मे महिन्यात गावी जाताना

सुट्टीत बरीच झाडं शेजाऱ्यांच्या मायेनं दगावतात. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला एकमेकींजवळ, पण पानांना पानं न लागता ठेवा. पोटभर पाणी द्या. शेजारच्या काकूंना किल्ली देताना कुंडीवर चिठ्ठी लावा: "दर तिसऱ्या दिवशी सकाळी एक मग, जास्त नाही". बाटली उलटी खोचणं किंवा सुती वात लावणं तुळस-जास्वंदीला चालेल, या झाडांना नाही. त्यानं माती एक क्षणही कोरडी होत नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढूनच निघा.

छाटणी आणि किडी

मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, फुलं ओसरल्यावर. एक तृतीयांशापर्यंत हिरवा भाग काढा. लॅव्हेंडरच्या पानं नसलेल्या लाकडी फांदीत कापू नका, तिथून पुन्हा फूट येत नाही.

एप्रिल-मे महिन्यात रोझमेरीवर लाल कोळी येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले की फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. धावणारे ठिपके दिसले तर कोळी आहे. सकाळी पाण्याचा जोरदार झोत पानांच्या खालच्या बाजूनं, तीन-तीन दिवसांनी, तीनदा. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं, फक्त झाड उन्हात लगेच सुकेल अशा वेळी करा आणि मातीवर प्लास्टिक झाका. पिठ्या ढेकूण दिसला तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १ मिलिलिटर द्रवरूप साबण, ऊन उतरल्यावर. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

रो-हाउसच्या अंगणात

वाशी, नेरूळ, सानपाडा इथल्या सिडकोच्या रो-हाउसपुढे थोडी जमीन असते. खाडीकाठच्या भागात ही जमीन भरणीची, चिकट, कुठे कुठे खारवटही असते. तिच्यात खड्डा खणून ही झाडं लावली तर तो खड्डा पावसात पाण्याची टाकी होतो. त्याऐवजी जांभ्याचे चिरे रचून जमिनीवर दीड फूट उंचीचा वाफा करा, चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका, आणि वर दिलेलं मिश्रण भरताना मधोमध उंचवटा ठेवा. रोझमेरी वाफ्याच्या कडेला लावावी, निचरा तिथे सर्वात चांगला असतो. दोन झाडांत दोन फूट अंतर सोडा. सुरुवातीला वाफा मोकळा वाटेल, पण हवा खेळती राहायला ते अंतर लागतंच.

पावसाची तयारी १५ मेपर्यंत

मुंबई परिसरात मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. तेव्हा तयारी १५ मेपर्यंत व्हायला हवी. अथेन्समध्ये जून ते ऑगस्ट मिळून ५० मिलिमीटर पाऊसही पडत नाही, आणि आपल्याकडे एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरहून जास्त पडतो. उन्हाळ्यात थकलेल्या मुळांना हा धक्का झेपत नाही.

आधी झाडं आतून विरळ करा: मध्यभागातल्या बारीक, वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढा. थाईमचा गुच्छ वर उचलून खालची पिवळी पानं झाडून टाका. पाणी हळूहळू कमी करत आणा. पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाल्कनीतल्या कुंड्या छपराखाली असूनही भिजतात. त्या पूर्वेला किंवा उत्तरेला हलवा. गच्चीवर सोय करायची तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा उतरता बसवा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. प्लास्टिकनं चहूकडून बंद केलेला मांडव आतून घामट होतो आणि पावसापेक्षा लवकर झाड सडवतो. शेडनेट पहिल्या वादळी सरीआधी उतरवा, वाऱ्यात ती भरली की कुंड्यांसकट सगळं ओढते, शिवाय पावसाळ्यातल्या अंधुक उजेडात तिची गरजही नसते.

छपराखालच्या कुंड्यांना जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्यातून एकदा सळईनं तपासून, लागलं तरच पाणी द्या. ऑक्टोबरचं ऊन पुन्हा कडक असतं आणि पावसात वाढलेली पानं मऊ असतात. कुंड्या एकदम उन्हात नेल्या तर दोन दिवसांत पानं पांढरी पडतात. पहिला आठवडा फक्त नऊपर्यंतचं ऊन, दुसऱ्या आठवड्यात अकरापर्यंतचं, मग कायमची जागा. तेव्हाच वर्षातलं पहिलं खत, कुंडीमागे एक मूठ गांडूळखत. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक चांगल्या झाडाच्या चार इंची, न फुललेल्या शेंड्यांची पाच-सहा कलमं घ्या. खालची निम्मी पानं काढून ती धुतलेल्या जाड वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा. रोझमेरीला महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात, लॅव्हेंडरलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.